सहा पिंपं आणि एक बालुआर्त

रायगड मी चार वेळा बांधला. प्रतापगड तीनदा, सिंहगड किती वेळा ते आता आठवत नाही, आणि म्हैसूरचा राजवाडा एकदाच, तोही एका सोसायटीच्या पाण्याच्या टाकीला टेकवून. विसर्जन आटोपलं की दुसऱ्या दिवशी सकाळी कानटोपी घालून मीच हे सगळं पाडायचो. इतके किल्ले बांधून ते स्वतःच्याच हाताने जमीनदोस्त करणारा माणूस इतिहासात दुसरा झाला नसावा.

मी डेकोरेटर. वसईजवळ सातिवलीला माझा गाळा होता, एका बाजूला प्लास्टिकच्या बादल्यांचा कारखाना आणि दुसऱ्या बाजूला अगरबत्तीवाला. त्यामुळे माझ्या प्रत्येक किल्ल्याला मोगऱ्याचा वास यायचा. गणपतीतले देखावे, लग्नाचे स्टेज, दुकानांची उद्घाटनं, असलं काम. बाहेरच्यांना वाटतं देखावा म्हणजे थर्माकोल. थर्माकोल ही नुसती कातडी झाली. आत हाडं लागतात. लाकडी रीपांचा सांगाडा करायचा, त्यावर मांजरपाट ताणून ठोकायचं, मांजरपाटावर सरस आणि लाकडाचा भुसा फासायचा, वाळला की काव आणि काळा रंग मारायचा. पाच फुटांवरून तो दगड दिसतो. दोन फुटांवरून तो भुसा दिसतो. म्हणून देखाव्यापुढे दोरी बांधतात. देवाच्या सुरक्षेसाठी नाही, आमच्या अब्रूसाठी.

माझी मुख्य इस्टेट म्हणजे सहा पिंपं. रीपा वाकवून केलेले पुरुषभर उंचीचे सहा गोल सांगाडे. आम्ही त्यांना पिंपंच म्हणायचो. वर कंगोरे लावले की बुरूज, निमुळती टोपी घातली की अग्निबाण, फुलांच्या माळा गुंडाळल्या की लग्नाच्या मांडवाचे खांब. नालासोपाऱ्याच्या एका बिल्डरने ती लग्नात बघितली आणि आपल्या कॉम्प्लेक्सच्या गेटवर तसेच दोन पक्के बुरूज बांधून द्या म्हणाला. मी मोठ्या हौसेने नकाशा काढून नेला. त्याने तो उलटासुलटा बघितला आणि विचारलं, "यात वॉचमनचं संडास बसेल का?" बसलं. अजून आहे.

फजित्याही पुष्कळ केल्या. एका वर्षी चिंचोटीचा धबधबा केला होता, खरं पाणी, खरा पंप. आरतीच्या वेळी पाइप निसटला आणि धबधबा थेट मंडळाच्या अध्यक्षांवर कोसळला. त्यांनी आरती पुरी केली, हे त्यांचं मोठेपण. पण असल्या फजित्यांनी माझी झोप कधी उडाली नाही. झोप उडवली ती एका माणसाने. त्याचं नाव इनास मिस्त्री.

इनास वसई गावातला, जुन्या ख्रिस्ती घरातला सुतार. माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा. चर्चच्या सणाची वेदी, लग्नाचे मांडव आणि नाताळचा गोठा ही त्याची कामं. तो कधी माझ्या वाटेत आला नाही, मंडळांची कामं मागत हिंडला नाही, की माझ्याबद्दल वावगं बोलला नाही. अशा माणसाचा हेवा करणं फार अवघड असतं, कारण सगळं आपल्यालाच करावं लागतं. मी दर नाताळला शुभेच्छा द्यायच्या निमित्ताने त्याचा गोठा बघायला जायचो. खरं म्हणजे चुका शोधायला. एका वर्षी त्याने गुडघे टेकून बसलेला उंट केला होता. उंटाचे पुढचे पाय कसे दुमडतात हे पुष्कळांना माहीत नसतं, त्यामुळे मी आशेने वाकून बघितलं. बरोबर दुमडले होते. घरी येईपर्यंत आमच्या सौभाग्यवती म्हणत होत्या, "काय हात आहे हो त्या माणसाचा!" माझा हात तेव्हा स्कूटरच्या हँडलवर होता. त्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

आणखी एक दुखणं होतं. इनास माझ्याशी शुद्ध शाळेतलं मराठी बोलायचा, पण बायकोशी त्यांच्या घरच्या बोलीत. ती मला अर्धीमुर्धीच कळायची. ते दोघं बोलून हसले की मला पक्कं वाटायचं की विषय मीच आहे.

तर नव्वदच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. वसई गावातल्या एका मंडळाचं काम माझ्याकडे बारा वर्षं होतं. सेक्रेटरी म्हात्रे म्हणाले, "सावंत, दरवर्षी रायगड, प्रतापगड. आपल्या दाराशी किल्ला असताना? यंदा वसईचा किल्ला करा. मराठ्यांचा वेढा, तोफा, सुरुंग, सगळं."

मी जागच्या जागी होकार दिला. किल्ला बघून यायची मला गरज वाटली नाही. पंधरा वर्षं वसईत काढली होती, चार वेळा त्याच किल्ल्यात लग्नाचे फोटो काढणाऱ्यांना कमानी पुरवल्या होत्या. कामणहून बांबू आले, रीपा आल्या, तट उभा राहिला, आणि तटाला मी सवयीने माझी सहा पिंपं लावली. वर कंगोरे, अंगावर भुसा, समोर मातीचे मावळे. मला ते फार आवडलं.

पहिल्याच संध्याकाळी पाचूबंदरच्या एक कोळीण मावशी दोरीपाशी थांबल्या. डोक्यावरची टोपली उतरवायच्याही आधी त्यांनी विचारलं, "हा कुठला किल्ला?"

"आपलाच, वसईचा."

"आमी रोज त्याच्यातना येतो-जातो," त्या म्हणाल्या. "तिकडं असं डबं नाय. हे डबं कोनी ठेवलं?"

रांग हसली. दुसऱ्या दिवशी ती हसतच आली. वसईच्या किल्ल्याचे बुरूज गोल नाहीत. ते टोकदार आहेत, बाणाच्या पात्यासारखे. हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, फक्त किल्ला बांधणाऱ्याला सोडून.

त्याच दिवशी दुपारी इनास सहकुटुंब दर्शनाला आला. बाप्पाला हात जोडले, मग देखाव्याकडे वळला. एका पिंपाला त्याने बोटाच्या पेराने टकटक केलं, कान देऊन ऐकलं आणि बायकोला त्यांच्या बोलीत काहीतरी सांगितलं. दोघं हसले.

"काही चुकलंय का इनासभाऊ?" मी विचारलं.

"नाही नाही," तो म्हणाला. "पिंपं चांगली आहेत."

पिंपं! हा शब्द माझ्या गाळ्याबाहेर गेला कसा, याचा मी रात्रीपर्यंत विचार करत होतो. (नंतर कळलं, मांजरपाट आम्ही एकाच दुकानातून घ्यायचो.)

त्या रात्री म्हात्र्यांनी मला बाजूला घेतलं. "परवा संध्याकाळी स्पर्धेचे परीक्षक येणार. लोक याला पिंपगड म्हणायला लागलेत. उद्या संध्याकाळपर्यंत बदलता आलं तर बघा. नाहीतर मी इनास मिस्त्रीला बोलावतो. आणि मग पुढच्या वर्षीही त्यालाच."

मंडपाच्या दारावर दरवर्षी एक पाटी लागायची: 'देखावा – सावंत डेकोरेटर्स'. बारा वर्षांची पाटी. तिच्या जागी मला इनासचं नाव दिसायला लागलं, तेही सुबक अक्षरात, कारण पाट्याही तो चांगल्या रंगवायचा.

सकाळी उठून मी मापाची टेप घेऊन किल्ल्यात गेलो. एका बुरुजाच्या पायथ्याशी उभा राहिलो आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं. दोन सरळ भिंती तिरक्या येऊन पुढे नाकासारख्या मिळालेल्या. मला प्रश्न पडला, एवढं नाक कशाला? गोल काय वाईट होतं? म्हटलं आपण शत्रू होऊन बघावं. मी भिंतीला चिकटून, वाकून, झुडपाआडून सरकायला लागलो.

"दिसतोस!" लांबून आवाज आला.

शेजारच्या बुरुजावर इनास उभा होता. कुठल्याशा शूटिंगवाल्यांचा लाकडी जिना बसवायला तो आला होता. मी ऐकलं नाही असं दाखवून अजून खाली वाकलो.

"दिसतोस रे, सावंत!"

मी चक्क गवतात आडवा झालो.

"आता तर पूर्ण दिसतोस! तोफेला सोपं पडेल!"

मग मी उठलो आणि नाकाला वळसा घालून पलीकडच्या भिंतीशी गेलो. आवाज थांबला. मला भलताच आनंद झाला. काही वेळाने तो तटावरून चालत आला आणि माझ्या डोक्यावर उभा राहून म्हणाला, "इथे पलीकडच्या बुरुजावरचा शिपाई बघतो. तो आज रजेवर आहे म्हणून वाचलास."

तो खाली उतरला आणि काडीने मातीत काढून दाखवायला लागला. ते मला इतकं सोपं करून सांगितलं की आणखी राग आला. गोल बुरुजाच्या अगदी पुढ्यात एक तुकडा असा राहतो जो शेजारच्या बुरुजांवरून दिसत नाही. शत्रू तिथे येऊन निवांत बसतो आणि पायात सुरुंग खणतो. डोंगरी किल्ल्याला चालून जातं, तिथे खाली कडाच असतो. इथे सपाट जमीन. म्हणून पोर्तुगिजांनी तो तुकडाच बुरुजाच्या आत घेऊन टाकला. पुढे नाक काढलं की प्रत्येक भिंतीवर शेजारच्याची नजर राहते. लपायला जागाच उरत नाही.

"तरी मराठ्यांनी सुरुंग लावलाच ना?" मी म्हटलं. काहीतरी जिंकायला हवं होतं.

"लावला," तो म्हणाला. "खालून लावला. वरून दिसत होते म्हणूनच खालून जावं लागलं."

मग तो म्हणाला, "याला ते बालुआर्त म्हणायचे. आमच्या फादरनी सांगितलं. पण हा शब्द मूळचा पोर्तुगिजांचाही नाही. पार उत्तरेकडच्या थंड मुलखातला. तिथल्या बोलीत बोल म्हणजे झाडाचं खोड आणि वेर्क म्हणजे काम. खोडांचं काम. दगड नंतर आला, सावंत. आधी ओंडके रचून, मध्ये माती भरून करायचे." त्याने भिंतीवर थाप मारली. "म्हणजे पहिला बालुआर्त कोणी केला असेल?"

मी खिशातली टेप चाचपली.

"सुताराने!" इनास म्हणाला आणि मनापासून हसला.

बघा म्हणजे. उंट त्याचे, वेदी त्याची, माझी बायको त्याच्या हाताचं कौतुक करणार, आणि आता किल्ल्याच्या आख्ख्या शब्दाचाही मालक हाच. मी टेप काढली आणि भिंतीला लावली. टेप तीन मीटरची होती. भिंत तिला दाद देईना.

"मला बोलवायला आलास ना?" त्याने विचारलं.

"छे. माप घ्यायला."

"मग घे माप."

मी माप घेत राहिलो. टेप दोनदा माझ्याच अंगावर गुंडाळली गेली. तो बघत राहिला. शेवटी त्यानेच विचारलं, "रीपा मंडपात आहेत की गाळ्यावर?"

दुपारी आम्ही देखाव्यापुढे पडदा ओढला. त्यावर म्हात्र्यांनी लिहिलं, 'शत्रूच्या हल्ल्यामुळे दुरुस्ती सुरू'. इनासची युक्ती साधी होती. पिंपं काढायचीच नाहीत. प्रत्येकापुढे दोन सपाट चौकटी तिरक्या उभ्या करायच्या, नाकाशी मिळवायच्या, पिंप आत दडवायचं. आंधळी जागा आत घ्यायची, पोर्तुगिजांनी केलं तसंच. मी खिळे काढून दिले तर त्याने हात हलवला. रीपांच्या टोकांना खाचा पाडून तो एकात एक बसवत होता. खिळा नाही, सरस नाही, हाताने दाबलं की टक्क करून बसायचं. मी बारा वर्षं खिळे ठोकत होतो. तो आवाज मला अजून ऐकू येतो, टक्क.

तो चहाला गेला तेव्हा मी एक खाच पाडून बघितली. रीप तुटली. ती मी तोफेमागे लपवली.

संध्याकाळी काम तडीला गेल्यावर मी हात न धुता वाचनालयात गेलो. ग्रंथपाल बाईंना म्हटलं, "बुरूज शब्द कुठून आला ते बघायचंय. आणि तो सुताराकडून आलेला नसला तर बरं." बाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि कोश काढून दिले. बुरूज आपल्याकडे फारसीवाटे आला. मूळ अरबी बुर्ज. काहींच्या मते त्याच्याही मागे ग्रीकांचा मनोऱ्याचा शब्द आहे. आणि पुढची ओळ वाचून मी खुर्चीत सरळ झालो: अरबीत आकाशातल्या बारा राशींनाही बुर्जच म्हणतात. सूर्य वर्षभर एकेका बुरुजातून फिरतो. म्हणजे त्याचा शब्द लाकडाच्या वखारीतला आणि माझा थेट आभाळातला. त्या रात्री मला छान झोप लागली.

परीक्षक तीन होते. त्यातले एक निवृत्त प्राध्यापक, पांढरी टोपी, हातात छत्री. कॅसेटमधलं निवेदन जुन्या पिंपांच्या हिशेबाने केलेलं असल्यामुळे मी स्वतःच माइक घेतला. म्हात्र्यांना घाम फुटला होता, कारण माइक आणि मी एकत्र आलो की काय होतं हे त्यांना ठाऊक होतं.

पण मी सुरेख बोललो. आधी बारा राशी सांगितल्या. गर्दी शांत झाली. मला चव आली. मग नाक का काढतात ते सांगितलं, काडी मातीत ओढून, अगदी इनाससारखं. मग बालुआर्त सांगितलं, बोल म्हणजे खोड, वेर्क म्हणजे काम. वसईला जन्म घालवलेली माणसं माना डोलावत होती. पाचूबंदरच्या मावशीही आल्या होत्या. त्या शेजारणीला म्हणाल्या, "आता कसा आपला वाटतो!" मी दोरीच्या पुढे निघालो होतो आणि थांबवत नव्हतं.

प्राध्यापकांनी छत्रीच्या टोकाने चौकटीचा सांधा दाखवला. "खिळा दिसत नाही कुठे. वा! हे काम कोणाचं?"

मी क्षणभर गर्दीकडे बघितलं. पाटी माझी, पिंपं माझी, बारा वर्षं माझी. "अनेक वर्षांचा अभ्यास आहे, सर," मी म्हणालो. "किल्ल्यात स्वतः जाऊन, गवतात झोपून..."

"दिसतोस!" मंडपाच्या मागून आवाज आला.

कोणाला काही कळलं नाही. दोनचार जण हसले. प्राध्यापक मागे वळून बघायला लागले. माइक माझ्या हातात, आणि मला माझा श्वास लाउडस्पीकरवरून ऐकू येत होता.

"हे सांधे," मी म्हणालो, "इनास मिस्त्रींचे आहेत. ते तिकडे मागे उभे आहेत. अरबी भाग माझा आहे."

आमचा दुसरा नंबर आला. पहिला नंबर बर्फाच्या अमरनाथला गेला, जो बक्षीस जाहीर होईपर्यंत निम्मा वितळला होता. पाटी राहिली. म्हात्र्यांनी खाली बारीक अक्षरात 'साहाय्य – इनास मिस्त्री' असं लिहून घेतलं, आणि लोक नेमके वाकून तेवढंच वाचायचे.

तिथून पुढे मी सुधारलो असेन असं तुम्हाला वाटत असेल. पुढच्या वर्षी चर्चच्या शाळेच्या संमेलनात रायगड होता आणि तो इनासकडे गेला. तो गाळ्यावर आला. "सावंत, गोल पाहिजेत. तुझी सहाही पिंपं दे." मी म्हटलं, "पाचच आहेत. एक पावसात कुजलं." सहावं मी अगरबत्तीवाल्याच्या गाळ्यात उभं करून ठेवलं होतं. इनासने हवा हुंगली, पाच पिंपं टेम्पोत भरली आणि गेला.

संमेलन संपल्यावर टेम्पो परत आला. त्यात सहा पिंपं होती. त्याने एक नवीन करून घेतलं होतं आणि कामाचं झालं म्हणून तेही मलाच पाठवलं होतं. मी त्याच्यावरचं मांजरपाट थोडं उचकटून बघितलं. आत एकही खिळा नव्हता. सगळ्या रीपा एकमेकींना धरून उभ्या. ते लपवलेलं पिंप मी अगरबत्तीवाल्यालाच देऊन टाकलं. ते गाळ्यात शेजारी उभं करायची माझी छाती झाली नाही.

दोन हजार सालानंतर कामं बदलली. प्लास्टिकच्या तयार कमानी आल्या, मग छापील फ्लेक्स आले. एका बिल्डरने नव्या रस्त्यावरच्या कॉम्प्लेक्ससाठी 'बुलेवर्ड' अशी मोठी पाटी सांगितली. मी त्याला म्हटलं, शेठ, हा आपल्या किल्ल्यातलाच शब्द आहे. परदेशात शहरांचे जुने तट पाडले आणि त्यांच्या जागी रुंद रस्ते केले, पण बालुआर्तचं नाव रस्त्याला चिकटून राहिलं. मुळात ओंडक्यांचं काम. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे लाकडात स्वस्त पडेल का?"

गाळा मी आता मुलाच्या हवाली केला आहे. पिंपं अजून तिथेच आहेत, लग्नाच्या सीझनला निघतात. गिऱ्हाईक आलं की एकेकावर हात फिरवत जातं आणि नेमकं त्या सहाव्यापाशी थांबतं. टकटक करून बघतं. विचारतं, "हे वेगळं वाटतं. हे कोणी केलं?"

"सहाही माझीच," मी सांगतो.

आणि सांगून झालं की एकदा मागे वळून बघतो.